टेबलाच्या उशाशी

1906 साली ‘सर्जरी, गायनॅकॉलॉजी अँड ऑब्स्टेट्रिक्स’ या अमेरिकन मासिकात एक लेख छापून आला. चौदा हजारांहून अधिक रोग्यांना दिलेल्या भुलीचा तो आढावा होता, आणि त्यातला एकही रोगी भुलीपायी दगावलेला नव्हता. क्लोरोफॉर्म आणि ईथरखाली माणसे टेबलावरच जात आणि दोष रोग्याच्या नाजूक प्रकृतीवर ढकलला जाई, असा तो काळ. एखाद्या प्राध्यापकाने हा आकडा जन्मभर मिरवला असता. पण लेखिकेच्या नावाला ‘डॉक्टर’ जोडलेले नव्हते. अ‍ॅलिस मॅगॉ ही मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी, सेंट मेरीज हॉस्पिटलात मेयो बंधू या सर्जनांच्या टेबलाशी भूल देणारी नर्स होती.

आपल्याकडे भूलशास्त्र शिकणाऱ्यांनाही हे नाव सहसा ठाऊक नसते. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक करणारा मॉर्टन ठाऊक असतो. व्हिक्टोरिया राणीला 1853 साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारा जॉन स्नोही ठाऊक असतो. शोध कुणी लावला हे आपण पाठ करतो. शोध लागल्यावर रोज सकाळी आठ वाजता बाटली घेऊन टेबलाच्या उशाशी कोण बसले, ते विचारत नाही. या पुस्तकाचा विषय त्या बसणाऱ्यांपैकी अमेरिकेतल्या नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट हा आहे.

आधीच सांगून टाकतो : मी स्वतः डॉक्टर, आणि भूल देण्यावरच पोट भरलेला. भूल डॉक्टरने द्यावी की नर्सने, या वादात मी तिऱ्हाईत नाही, हे ध्यानात ठेवूनच वाचकाने पुढे वाचावे.

हे काम नर्सांकडे आले कसे, यात गौरवाचा भाग कमी आणि सोयीचा जास्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ईथर देण्याचे काम बहुधा सगळ्यात नवख्या शिकाऊ डॉक्टरवर पडे. त्याला सर्जन व्हायचे असे, त्यामुळे त्याची नजर रोग्याच्या तोंडाऐवजी पोटात चाललेल्या चिरफाडीवर. शिवाय चार-सहा महिन्यांत तो निघून जाई, आणि पुढचा पोरगा पुन्हा पहिल्यापासून शिकू लागे. सर्जनना हवे होते ते वेगळेच माणूस. ते टिकून राहील, फार पगार मागणार नाही, सर्जनच्या कामात नाक खुपसणार नाही आणि रोग्याचा श्वास सोडून कशाकडे बघणार नाही. कॅथलिक जोगिणींच्या हॉस्पिटलांत अशी माणसे हाताशी होती. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलातल्या सिस्टर मेरी बर्नार्ड यांनी 1877 साली हे काम हाती घेतले. या व्यवसायाच्या इतिहासात नावानिशी सापडणाऱ्या त्या पहिल्या.

रॉचेस्टरची गोष्टही याच वळणाची. 1883 च्या वादळात गाव उद्ध्वस्त झाले आणि जखमींची शुश्रूषा करणाऱ्या फ्रान्सिस्कन जोगिणींनी तिथे हॉस्पिटल बांधायचे ठरवले. ते 1889 मध्ये उघडले. भूल द्यायला डॉक्टर उरलाच नव्हता, म्हणून एडिथ ग्रॅहम या शिकलेल्या नर्सला ते काम दिले गेले. 1893 मध्ये तिने चार्ल्स मेयोशी लग्न केले आणि बाटली अ‍ॅलिस मॅगॉच्या हाती आली. पुढे त्याच मेयोने मॅगॉला ‘भूलशास्त्राची माता’ म्हटले. पदवी मोठी खरी, पण असल्या पदव्यांबद्दल मला नेहमी थोडी शंका येते. आई म्हटले की तिचा हुद्दा आणि पगार ठरवायचा राहूनच जातो.

ती नेमके काय करी, ते मात्र तपशिलाने पाहण्यासारखे आहे. तारेची जाळी, तिच्यावर गॉझच्या घड्या, आणि ईथरच्या बाटलीतून एकेक थेंब. एवढीच सामग्री, ना यंत्र, ना पडदा. ईथर उग्र. ओतायची घाई केली की घसा चरचरतो, रोगी श्वास कोंडतो, ठसकतो, हातपाय झाडतो. मग चौघांनी त्याला दाबून धरायचे आणि आणखी ओतायचे. कित्येक ठिकाणी हीच रीत होती. मॅगॉ रोग्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावरच घेई आणि त्याच्याशी बोलत राही : आता असा वास येईल, आता हात जड वाटतील, श्वास घेत राहा. पहिले थेंब अगदी विरळ. श्वास लांबला की थोडे जास्त. जबडा पुढे उचलून धरायचा, कारण सैल पडलेली जीभ घशात मागे गेली की श्वासाची वाट बंद. बोटांखाली नाडी, नजर ओठांच्या रंगावर आणि बुबुळावर, कान श्वासाच्या आवाजाकडे. रोगी पुरेसा गुंगला की थेंब कमी करायचे. कमीत कमी औषधात भागवणे हे तिचे खरे कसब. जगभरचे सर्जन मेयोंची शस्त्रक्रिया पाहायला येत आणि परत जाताना मॅगॉबद्दल बोलत. त्यांतल्या काहींनी आपापल्या गावी एकेक नर्स याच कामाला लावली.

इंग्लंडात असे घडले नाही. 1848 च्या जानेवारीत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली मेली. पुढे असे मृत्यू होत राहिले, चौकशा बसत गेल्या, आणि भूल हे डॉक्टरचेच काम हा समज तिथे घट्ट झाला. आपल्याकडची रीत तिथूनच आली. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या राज्याच्या खर्चाने 1888-89 मध्ये क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांचा हट्ट असा की नाडीकडे बघूच नका, श्वासाकडे बघा. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर होते. क्लोरोफॉर्मने हृदय थेटही थांबू शकते, हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रयोगांनी दाखवले गेले. नजर कशावर ठेवायची यावर विद्वान भांडत होते, त्याच सुमारास मिनेसोटात एक नर्स सगळ्यावरच नजर ठेवून होती.

मॅगॉनंतरचे मोठे नाव अ‍ॅगाथा हॉजिन्स यांचे. जन्माने कॅनेडियन, क्लीव्हलँडच्या लेकसाइड हॉस्पिटलात जॉर्ज क्राइल या सर्जनकडे काम करणाऱ्या. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच क्राइल यांचे पथक फ्रान्सला गेले, त्यात त्या होत्या. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनची भूल त्यांनी जखमी सैनिकांना दिली आणि इतरांना शिकवली. परतल्यावर 1915 मध्ये लेकसाइडला रीतसर शाळा सुरू झाली. युद्धात हे काम पाहून ब्रिटिशांनीही काही नर्सांना भूल द्यायला शिकवले, आणि युद्ध संपताच ते बंदही करून टाकले. गरज सरो, वैद्य मरो या म्हणीतला वैद्य इथे नर्स होता, एवढेच.

नावडते काम नावारूपाला आले की त्याला वारसदार फुटतात. अमेरिकेत भूल देण्यात विशेष रस घेणारे डॉक्टर वाढू लागले आणि नर्सांनी हे काम करणे म्हणजे परवान्याविना वैद्यकी, असा आक्षेप निघाला. 1916 मध्ये ओहायोच्या वैद्यकीय मंडळाने लेकसाइडवर बडगा उगारला. क्राइलनी लढून तो परतवला. केंटकीत लुइस फ्रँक हे सर्जन आणि मार्गारेट हॅटफील्ड ही त्यांची नर्स कोर्टात गेले आणि 1917 मध्ये जिंकले. सर्वांत गाजलेला खटला कॅलिफोर्नियातला. डॅग्मार नेल्सन ही लॉस एंजेलिसच्या सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलातली नर्स. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिच्यावर दावा लावला. 1936 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला.

हा कौल नीट वाचायला हवा. माझ्या मते या सबंध व्यवसायाच्या इतिहासाची मेख तिथेच आहे. नेल्सन जिंकली ती कशाच्या जोरावर? ती रोगनिदान करत नाही, औषध आपल्या मनाने ठरवत नाही, सर्जनच्या सांगण्याप्रमाणे आणि देखरेखीखाली काम करते. म्हणून ती वैद्यकी करत नाही. म्हणजे नोकरी वाचली, पण ‘मी स्वतः काही ठरवत नाही’ या कबुलीवर वाचली. ज्याने कधी उशाशी बसून भूल दिली आहे त्याला यातला विनोद कळेल. थेंब वाढवायचा की थांबवायचा, हे दर अर्ध्या मिनिटाला उशाशी बसलेल्यानेच ठरवायचे असते. सर्जनचे हात आणि डोळे पोटात असतात. त्याला वर काय चालले आहे ते रक्त काळे दिसू लागेपर्यंत कळत नाही. कोर्टाने जो आधार दिला तो टेबलाशी रोज खोटा ठरत होता, आणि नर्सांना तोच छातीशी धरून जगावे लागत होते. मान्यता मिळवायची तर निर्णय आपला आहे हे सांगायचे नाही. आणि निर्णय आपला आहे हे सांगितले नाही तर मान्यता अपुरीच. पुढची नव्वद वर्षे हा पेच सोडवण्यात गेली आहेत, आणि अजून तो पुरता सुटलेला नाही.

संघटनेचा इतिहास मी थोडक्यात उरकतो, पुस्तकात तो सविस्तर आहे. 17 जून 1931 रोजी हॉजिन्स यांनी क्लीव्हलँडला राष्ट्रीय संघटना स्थापन केली. नर्सांच्या मोठ्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना आपल्यात सामावून घेतले नाही. डॉक्टर म्हणत या नर्स आहेत आणि नर्स म्हणत या आता आपल्यातल्या राहिल्या नाहीत. शेवटी हात दिला तो हॉस्पिटलांच्या संघटनेने. 1945 मध्ये पहिली पात्रता परीक्षा झाली, 1947 मध्ये पुरुषांना सभासदत्व मिळाले, आणि 1956 मध्ये ‘सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट’ ही उपाधी आली. दरम्यान 1938 मध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांचे परीक्षा मंडळ उभे राहिले होते आणि दुसऱ्या महायुद्धानंतर डॉक्टर भूलतज्ज्ञांची संख्या झपाट्याने वाढली. आता टेबलाच्या उशाशी दोघे होते, आणि खुर्ची एकच.

खरी मान्यता बिलातून आली, असे म्हटले तर कुणाला ते रुक्ष वाटेल. पण अमेरिकेत, आणि आपल्याकडेही, कामाची दखल घेतली आहे की नाही ते पावतीवर नाव कुणाचे यावरून कळते. 1986 च्या कायद्याने मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने या नर्सांना त्यांच्या कामाचे पैसे थेट देण्याचे मान्य केले आणि 1989 पासून ते मिळू लागले. तोवर त्यांचे काम हॉस्पिटलच्या किंवा डॉक्टरच्या बिलात गडप होत असे. 2001 मध्ये आणखी एक पाऊल पडले : डॉक्टरच्या देखरेखीची अट आपल्या राज्यापुरती काढून टाकण्याची मुभा केंद्राने राज्यांना दिली. आयोवाने ती सर्वांत आधी घेतली. शेतमळ्यांच्या आणि लांबलांब पसरलेल्या खेड्यांच्या त्या राज्यात दुसरे करणार काय? तिथल्या लहान हॉस्पिटलांत भूल देणारा माणूस म्हणजे नर्सच. ती नसेल तर बाळंतपणाची खोली बंद.

मग प्रश्न येतो सुरक्षिततेचा. दोन्ही बाजू आपापले कागद फडकावतात. 2000 साली पेनसिल्व्हेनियातल्या मेडिकेअरच्या रोग्यांचा एक अभ्यास आला; त्यात भूलतज्ज्ञ डॉक्टरचे मार्गदर्शन नसलेल्या रोग्यांत मृत्यू जास्त आढळले. त्यावर आक्षेप असा की ‘मार्गदर्शन नाही’ हे बिलांच्या नोंदीवरून ठरवले होते, प्रत्यक्ष खोलीत कोण होते यावरून नव्हे. 2010 मध्ये दुसरा अभ्यास आला; देखरेखीची अट उठवलेल्या राज्यांत काही वाईट घडले नाही, असे त्याचे म्हणणे. त्याचा खर्च नर्सांच्या संघटनेने केला होता. 2014 मध्ये वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या परीक्षकांनी उपलब्ध सगळे अभ्यास चाळले आणि या पुराव्यावरून ठाम काही सांगता येणार नाही, असा निर्वाळा दिला. मला तो निर्वाळा प्रामाणिक वाटतो. ठाम पुरावा हवा तर चिठ्ठ्या टाकून रोगी वाटून द्यावे लागतील, आणि आपले पोट कुणाच्या स्वाधीन होते ते चिठ्ठीवर सोडायला कोण तयार होईल?

एक मात्र खरे. भूल सुरक्षित झाली ती या भांडणाने नव्हे. कोविडात आपल्या घरोघरी पोहोचलेला बोटाचा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, आणि बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ या दोघांनी गेल्या चाळीस वर्षांत किती जीव वाचवले त्याला गणती नाही. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली तर पूर्वी ते कळेपर्यंत ओठ निळे पडत. आता पडद्यावर चौकोनी लाट उमटली नाही की सहा श्वासांत कळते. ही लाट डॉक्टरला वेगळी आणि नर्सला वेगळी दिसत नाही. पण ती दिसल्यावर, किंवा न दिसल्यावर, काय करायचे ते शिक्षणावर अवलंबून आहे, आणि तिथे हा व्यवसाय पूर्वीसारखा राहिलेला नाही. आज अमेरिकेत आधी नर्सिंगची पदवी, मग अतिदक्षता विभागातला अनुभव, मग डॉक्टरेट पातळीचे शिक्षण, असा रस्ता आहे. 2022 पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेट सक्तीची झाली. मिळकत वर्षाला दोन लाख डॉलरच्या आसपास किंवा वर. कमी पगारात भागेल म्हणून ज्या कामासाठी नर्स शोधली गेली, ते आता नर्सिंगमधले सर्वाधिक कमाईचे काम आहे. पुरुषांचे प्रमाणही इथे बाकीच्या नर्सिंगपेक्षा पुष्कळ जास्त. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसेल असे मला वाटत नाही.

अमेरिकेबाहेर नजर टाकली तर प्रत्येक देशाने आपापला तोडगा काढलेला दिसतो. फ्रान्समध्ये अशा नर्सला सरकारी पदविका आहे, पण ती डॉक्टरच्या जोडीनेच काम करते. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्येही जोडीचीच रीत, आणि गंमत म्हणजे तिथे या जोडीवर फारसे कुणी भांडत नाही. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत भूल देणारे बहुसंख्य लोक डॉक्टर नाहीतच. तिथे प्रश्न ‘डॉक्टर की नर्स’ असा येत नाही, ‘नर्स की कुणीच नाही’ असा येतो. 1989 मध्ये अकरा देशांच्या संघटनांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगातल्या सुमारे पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल मिळत नाही असे सांगितले, तेव्हापासून या महासंघाचे म्हणणे जरा जास्त लक्ष देऊन ऐकले जाते.

आणि आपण? स्वतंत्रपणे भूल देणारी नर्स हा दर्जा आपल्या कायद्यात नाही. 2021 च्या कायद्याने भूल-सहायक आणि तंत्रज्ञ यांना नोंदणीची चौकट मिळाली, पण ते सहायक म्हणूनच. ग्रामीण भागातली भूलतज्ज्ञांची टंचाई ओळखून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांत भूल शिकवण्याचा कार्यक्रम काढला, हेतू मुख्यतः हा की अडलेल्या बाईचे सिझर वेळेत व्हावे. म्हणजे अठरा आठवड्यांचा डॉक्टर आपल्याला चालतो, पण अतिदक्षता विभागात दहा वर्षे काढलेल्या सिस्टरला तीन वर्षे शिकवून उशाशी बसवावे, ही कल्पना मांडली तरी परिषदेत भुवया उंचावतात. ‘उद्या सर्जरीही त्याच करतील’ हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे, आणि टाळ्या पडतानाही.

मी नर्सांच्या बाजूला लगेच जाऊन बसलो आहे असे नाही. अमेरिकेत ही व्यवस्था उभी राहिली ती शाळा, परीक्षा, नोंदणी, विमा आणि कोर्टाच्या दीडशे वर्षांच्या ओढाताणीवर. तिचा कळस उचलून आपल्या उपजिल्हा रुग्णालयावर ठेवता येणार नाही. आपल्याकडे आधी नर्सची संख्या, तिचा पगार आणि तिच्या डोक्यावरचे कागदी काम यांचा बंदोबस्त व्हायला हवा. पण तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता ‘भूलवाले डॉक्टर निघालेत, येतीलच’ या वाक्यावर अडलेली बाई ताटकळत असते, तोवर या पुस्तकातले प्रश्न परदेशातले म्हणून बाजूला सारायची सोय आपल्याला नाही.

वाचकाला एक सूचना. पुस्तक पहिल्यापासून वाचले पाहिजे असे नाही. कायद्याचा कंटाळा असेल त्याने मधली खटल्यांची प्रकरणे सोडून द्यावी आणि मॅगॉ, हॉजिन्स, मग थेट आजची खेड्यातली हॉस्पिटले असे जावे. माझ्या पेशातल्या मंडळींनी मात्र उलटे करावे. नेल्सनच्या खटल्यापासून सुरुवात करावी, दोन्ही बाजूंच्या वकिलांचे म्हणणे वाचावे, आणि मग आपल्या ऑपरेशन थिएटरात एका सकाळी ‘सर्जनच्या सांगण्यावरून’ म्हणून नेमके कोणकोणते निर्णय होतात ते मोजून पाहावे.